पॉलिशवाल्याची मोटार

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चौतीस वर्षं एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करत होते. तिथे त्यांना सगळे 'आरसा' म्हणत. त्यांचा हात फिरलेल्या टेबलात बघून दाढी करता येते, असं फोरमन गिऱ्हाइकांना सांगायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने खरोखरच टेबलावर वाकून मिशा सारख्या केल्या होत्या. लाकडात गाठ कुठे होती, किडीची भोकं कुठे होती, रंधा कुठे घसरला होता, हे भाऊजींचं काम झाल्यावर खुद्द सुतारालाही सांगता येत नसे.

कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने जाता जाता आपली घरची जुनी निळी मोटार त्यांना देऊन टाकली. मोटार तेरा वर्षांची, रंग उडालेला, डावं मागचं दार चेपलेलं. भाऊजींनी ती मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या छपराखाली लावली आणि दिवसभर तिच्याभोवती फिरायला लागले. ताई मला म्हणाली, "बघितलंस? नवरा रिटायर होऊन घरी बसेल म्हटलं, तर हे सवत घेऊन आले. तीही म्हातारी!" तेव्हापासून आमच्या घरात मोटारीचं नाव सवत. "अहो, जेवायला या, की सवतीने वाढलंय?" असं ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची आणि भाऊजी हात पुसत, खाली मान घालून आत यायचे.

पुढे दोन वर्षांनी ताईच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, इस्पितळात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं. जाताना ती ठीक असायची. परत येताना मात्र पोटात ढवळून यायचं आणि हमखास उलटी व्हायची. सुरुवातीला भाड्याच्या गाडीने ने-आण चालली. एक दिवस त्या ड्रायव्हरने मधेच गाडी थांबवून तिला खाली उतरवलं. फडका तिच्या हातात दिला. भर रस्त्यात, लोक बघत असताना, माझ्या बहिणीने परक्या माणसाची सीट पुसून दिली. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाली, "यापुढे गेले तर सवतीच्या मांडीवर बसून जाईन. नाहीतर जाणार नाही. मरेन घरी."

ती तोंडाने बोलेल तसं करणाऱ्यातली होती, हे भाऊजींना आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती मोटार चालू राहणं म्हणजे ताई चालू राहणं, असा सरळ हिशेब झाला.

भाऊजींनी पुढची डावी सीट तिच्यासाठी तयार केली. हात टेकायला सागवानी पट्टी बसवली आणि तिला सात हात पॉलिश दिलं. गुडघ्यांपाशी एक लाकडी चौकट केली, तिला गोल भोक पाडलं आणि त्यात स्टीलचं भांडं बसवलं. भांड्याचं झाकण इतकं चपखल, की वास बाहेर येत नसे. ताई झाकण उघडून बघत म्हणाली, "आयुष्यात कधी दागिना घडवला नाहीत, ओकायला मात्र राजेशाही थाट!" भाऊजींना एवढं हसताना मी फार क्वचित पाहिलं होतं.

मग परिवहन कार्यालयाचा कागद आला. मोटार जुनी झाल्यामुळे तिची नव्याने तपासणी करायची होती. तपासणीत उतरली तर पुढची पाच वर्षं चालवता येणार, नाही उतरली तर रस्त्यावर आणता येणार नाही. दीड महिन्याची मुदत होती.

कागद वाचणं हे माझं काम. तपासणीचा फॉर्म मी आणला, त्यातल्या बाबी एका तक्त्यात उतरवल्या आणि तक्ता छपराच्या खांबाला चिकटवला. दर रविवारी सकाळी मी जायचो आणि झालेल्या कामापुढे खूण करायचो. पिवळे पडलेले हेडलाइट भाऊजींनी ओल्या बारीक पॉलिश पेपरने घासले आणि शेवटी मऊ कापडाच्या पुरचुंडीने असे चमकवले, की नवे वाटावेत. तडा गेलेला बंपर आतून तापल्या तारेने टाके घालून शिवला. छताचं लोंबणारं कापड नव्याने चिकटवलं. चेपलेलं दार आतून लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकून वर आणलं. एक एक पोचा उठवायला त्यांना अख्खी सकाळ लागायची.

"मेहुणे, हात फिरवून बघा," ते म्हणायचे. "डोळे मिटून. लागतोय का पोचा?"

"नाही लागत."

"मग करा खूण."

एका रविवारी ब्रेक बघायला गॅरेजवाला आला. रस्त्यापलीकडे त्याचं गॅरेज होतं, माणूस तोंडाने फटकळ पण कामाला चोख. उजवी बाजू जॅकवर घेऊन झाली. डाव्या बाजूला त्याने दाराखालच्या पट्टीला, म्हणजे मोटारीच्या उंबऱ्याला, जॅक लावला आणि दांडा फिरवायला लागला. मोटार वर आलीच नाही. वाळका पाला तुडवावा तसा आवाज आला आणि जॅकचं डोकं पत्र्यात शिरलं.

गॅरेजवाला खाली झोपला, बॅटरी मारून बघितलं, मग आत येऊन सीटखालची चटई उचलली. "काका, उंबरा गेला," तो म्हणाला. "सीटखालचा पत्रा पण गेलाय. चटईखाली पाणी मुरतंय कैक वर्षं. बिस्किट झालंय नुसतं. सीट काढून, सगळं कापून, नवा पत्रा वेल्ड करावा लागेल."

"किती दिवस?"

"दहा धरा. हातात दुसरी गाडी आहे, बारा पण होतील."

भाऊजींनी खिडकीकडे पाहिलं. ताई तिथे बसून भाजी निवडत होती. बारा दिवस म्हणजे इस्पितळाच्या पाच फेऱ्या. "मी बघतो," ते म्हणाले.

"काय बघता? हे पॉलिशचं काम नाही."

"बघतो म्हटलं ना."

गॅरेजवाला निघताना मला फाटकापाशी गाठून म्हणाला, "साहेब, तुम्ही शिकलेले आहात. समजवा जरा त्यांना. बाई त्याच सीटवर बसतात." मी मान डोलावली. माझी कितीतरी रजा शिल्लक होती. बारा दिवस भाड्याची गाडी करून, शेजारी बसून, मी बहिणीला नेऊ शकलो असतो. तिची समजूतही कदाचित मी घालू शकलो असतो. पण भाऊजींना त्यांच्या हातातल्या कामाबद्दल कुणी काही सांगायचं नाही, हे आमच्याकडे इतकं मुरलेलं होतं, की मी परत येऊन फॉर्म उघडला. त्यात 'बाहेरून दिसणारा गंज' अशी ओळ होती. ती मी त्यांना वाचून दाखवली आणि म्हणालो, "दिसणारा गंज बघतात, एवढंच लिहिलंय."

हे वाक्य माझं आहे.

भाऊजींनी त्या आठवड्यात मधल्या रिकाम्या दिवसांत काम उरकलं. मी रविवारी गेलो तेव्हा ते शेवटचा हात देत होते. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. "गंज म्हणजे काय हो? लोखंडाला लागलेली कीड. लाकडात भुंगा लागला तर आम्ही काय करतो? भोकं साफ करायची, गच्च भरायची, वरून बंद करायचं. हवा बंद झाली की आतल्या आत गुदमरून मरतो. चौतीस वर्षांत मी भरलेलं भोक पुन्हा उघडलेलं दाखवा."

त्यांनी सुटा गंज खरवडला होता, ओल्या कापडाने पुसून घेतलं होतं, भोकांवर जाळी ठेवली होती आणि वर पुट्टी भरली होती. पुट्टीत सागाचा बारीक भुसा घातला होता, लाकडाच्या कामात घालतात तसा, भर चांगली धरावी म्हणून. सीटचे बोल्टही त्या पुट्टीतच घट्ट बसवले होते. वरून खडबडीत काळा रंग. हात फिरवून, डोळे मिटून, मी म्हणालो, "नाही लागत." आणि तक्त्यावर खूण केली.

भुसा पाणी पितो, आणि आत कोंडलेला ओलावा लोखंडाला मोकळ्या हवेपेक्षा वाईट, हे मला गॅरेजवाल्याकडून नंतर कळलं. विचारायला कोणी मनाई केली नव्हती.

तपासणीला मी बरोबर गेलो. तिथल्या साहेबाने ब्रेक बघितले, दिवे बघितले, वाकून खाली बॅटरी मारली, दारांवर बोटाने टकटक केलं. बॉनेटवरून हात फिरवत त्याने विचारलं, "कुठल्या गॅरेजमध्ये केलंत?"

"घरीच," भाऊजी म्हणाले. कारखाना सुटल्यापासून त्यांचा आवाज इतका मोकळा मी ऐकला नव्हता.

"इथे रोज शंभर गाड्या बघतो, काका. असा हात नाही बघितला." आणि त्याने शिक्का मारला.

घरी ताई दारात उभीच होती. कागद बघून म्हणाली, "झालं! आता सवत माझ्यापेक्षा जास्त जगणार."

पाच महिने मोटार सुरळीत चालली. मग एका मंगळवारी सकाळी, इस्पितळात जाताना, एक कुत्रं आडवं आलं. भाऊजींनी ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम होते, मोटार जागच्या जागी थांबली. डावी सीट थांबली नाही. पुट्टीतून बोल्ट उपटून ती ताईसकट पुढे गेली. पट्ट्याचं खालचं टोकही त्याच उंबऱ्याला होतं, तेही सुटून आलं. भाऊजींना साधं खरचटलंही नाही. कुत्रंही वाचलं.

मांडीचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. ज्या इस्पितळात ती रक्त शुद्ध करायला जायची तिथेच वरच्या मजल्यावर तिला ठेवलं. तिच्या अंगात ऑपरेशन सोसण्याची ताकद येईपर्यंत थांबायचं असं डॉक्टर म्हणत होते आणि ती ताकद काही येत नव्हती. एका दुपारी भाऊजी तिला चमच्याने पाणी पाजत होते. पाणीही मोजून द्यावं लागायचं. ती ओठ पुसून म्हणाली, "अहो, सवतीने शेवटी डाव साधला बघा."

ती नेहमीसारखी चेष्टाच करत होती. पुट्टीचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. भाऊजींच्या हातातला चमचा तसाच राहिला. मी खिडकीतून बाहेर बघत उभा राहिलो.

तेविसाव्या दिवशी ताई गेली. पोलिसांच्या कागदावर 'वाहन जुने असल्याने सीट निखळली' एवढंच आलं. मोटारीचं प्रमाणपत्र पक्कं होतं, त्यामुळे कोणी पुढे काही विचारलं नाही.

मोटार ओढून आणून पुन्हा छपराखाली लावली होती. महिनाभर भाऊजी तिकडे फिरकले नाहीत. मग एका रविवारी मी गेलो असताना एक माणूस फाटकात आला. प्रवासी वाहतूक करणारा होता. कुणाकडून तरी ऐकून आला होता. मोटारीला एक फेरी मारून तो खूश झाला. "काका, बॉडी एक नंबर आहे हो! कागद पण पाच वर्षांचे. विकायची ना?"

"सीट निघालीय," मी म्हणालो.

"त्यात काय? चार बोल्ट मारतो. दोन दिवसांत रस्त्यावर. आठवडाभर माझी बायकोच फिरेल आधी, मग धंद्याला लावीन."

भाऊजी वळले. घरात गेले आणि हत्यारांच्या पेटीतली रुंद पटाशी घेऊन आले. डाव्या दारापाशी गुडघ्यांवर बसले, उंबऱ्यावर पटाशीचं टोक ठेवलं आणि मुठीवर तळहाताने एक ठोका दिला. हातोडीही लागली नाही. पातं मुठीपर्यंत आत गेलं. त्यांनी ते पिळून बाहेर काढलं, तसं भोकातून तपकिरी पाणी ओघळलं आणि पाण्याबरोबर भिजलेला भुसा आला.

"अहो, चांगल्या गाडीची काय नासाडी करताय!" तो माणूस ओरडला. भाऊजींनी वीतभर पुढे दुसरं भोक पाडलं. मग तिसरं. तो माणूस माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवत निघून गेला.

पुट्टीच्या खपल्या निघत होत्या, वरून गुळगुळीत, खालून लाल चिखल. मग मान वर न करता भाऊजींनी विचारलं, "मेहुणे, त्या दिवशी गॅरेजवाल्याने फाटकापाशी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मी जसंच्या तसं सांगितलं. बाई त्याच सीटवर बसतात, हेही.

"मला पण त्याने संध्याकाळी येऊन तेच सांगितलं होतं," ते म्हणाले.

पेटीत आणखी एक पटाशी होती, अरुंद, धार गेलेली. ती त्यांनी उचलून माझ्याकडे धरली. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, त्यांच्या शेजारी खाली बसलो आणि सीटखालच्या पत्र्यापासून खरवडायला सुरुवात केली. खांबावरचा तक्ता अजून तिथेच होता. सगळ्या ओळींपुढे माझ्या अक्षरातल्या खुणा होत्या.