समोरचे दोन दात

भिंगरीच्या आईला डेपोत सगळे ड्रायव्हरबाई म्हणत. लांबलचक बस ती अरुंद वळणावरून अशी काढायची, की मागच्या सीटवर डुलक्या घेणाऱ्याची झोप मोडत नसे. तिचा एक नियम होता. स्टिअरिंगवर हात असताना फोनला हात लावायचा नाही. त्या सकाळी सीटमागच्या पिशवीत फोन पुन्हापुन्हा थरथरला, आणि तिने तो थरथरू दिला. शेवटच्या थांब्यावर बस लावून पाहते तर सगळे फोन शाळेचे.

लेकीला भिंगरी हे नाव उगाच पडलं नव्हतं. चालणं तिला माहीतच नव्हतं. नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून पळत आली, पाय सटकला आणि तोंड पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर आपटलं. वरच्या समोरच्या दोन दातांपैकी एक मुळासकट निघाला, दुसरा अर्धा तुटला. आणि हे काही दुधाचे दात नव्हते. ते केव्हाच पडून गेले होते. हे जन्मभरासाठी आलेले.

आई पोचली तेव्हा सुजलेल्या ओठांवर ओला रुमाल धरून भिंगरी शाळेच्या ऑफिसात बसली होती. खेळाच्या बाईंनी कागदात गुंडाळलेला दात पुढे केला. "स्वच्छ केलाय हो अगदी. साबण लावून घासलाय."

दाताच्या डॉक्टरांनी तो दात उजेडात धरला आणि मान हलवली. "घासायला नको होता, ताई. मुळावरचा जिवंत पापुद्रा गेला. तसाच दुधात टाकून लगेच आणला असता, तर..."

तर काय, ते त्यांनी सांगितलंच नाही. दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला, अर्ध्या दाताला दाताच्याच रंगाचं लिंपण लावलं. "धरला तर धरला," म्हणाले.

हा 'तर' ड्रायव्हरबाईच्या डोक्यात जाऊन बसला.

घरी सासूबाईंनी नातीला जवळ घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "डोळा वाचला हेच नशीब समज." शेजारीण आली, तीही म्हणाली, डोळा वाचला. डेपोतल्या मेकॅनिकने तेच ऐकवलं तेव्हा ड्रायव्हरबाई भडकली. "डोळ्याला काही झालंच नव्हतं! कुणी डोळ्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं! दात गेलाय माझ्या पोरीचा!" मेकॅनिक हातातला पाना घेऊन निमूटपणे बसखाली शिरला.

एके दिवशी ती शाळेत भांडायलाच गेली. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती, एकेक अशी की बाईंना पळता भुई थोडी व्हावी. पण बाई समोर आल्या त्या रडवेल्या. "दात सापडेना, म्हणून मी टाकीखाली आडवी होऊन हात घालून शोधला. चिखलाने भरला होता. मला वाटलं, घाणीने विष चढेल. मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं हो." आता हिला काय बोलायचं? ड्रायव्हरबाई राग जसाच्या तसा घेऊन परत फिरली. दुपारच्या फेरीत एका रिक्षामागे तिने इतका हॉर्न वाजवला, की कंडक्टर पुढे येऊन म्हणाला, "बाई, सिग्नल लाल आहे."

तार निघाली, पण घरातला पहारा सुटला नाही. सफरचंद चिरूनच खायचं. कडक काही चावायचं नाही. पळायचं नाही. भिंगरी हसताना तोंडावर हात धरू लागली. बसवलेला दात हळूहळू राखाडी पडत चालला, आणि अर्ध्या दाताचं लिंपण एकदा पावाच्या कडेने निघालं, एकदा गाढ झोपेत दात खाऊन निघालं. तिसऱ्यांदा निघालं ते पेनाचं टोपण चावताना.

"टोपण? खायला दुसरं काही मिळालं नाही?" आई ओरडली. "मी रजा टाकते, डॉक्टरांकडे ताटकळते, आणि तू टोपणं चाव! तुला कशाची म्हणून पर्वा नाही!"

भिंगरीने तोंडावरचा हात काढला. "दात माझा तुटलाय. दुखलंही मलाच. तू बाईंशी भांडलीस, मेकॅनिककाकांशी भांडलीस, आजीशी बोलत नाहीस. मला एकदा तरी विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"पडले तेव्हा काय झालं ते."

आई तिच्याशेजारी बसली. "सांग मग."

"आधी दुखलंच नाही. जीभ लावली तर तिथे काहीच नव्हतं. मग सगळे बघायला लागले. बाई तुला फोन लावत होत्या आणि मला वाटत होतं, तू उचलूच नयेस. उचललास तर पहिल्यांदा ओरडशील, 'पळत होतीस ना?' म्हणून."

फोन उचलला असता तर आई हेच म्हणाली असती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दाताचा एक्स-रे काढून दाखवला. बसवलेल्या दाताचं मूळ झिजत होतं. आणखी काही वर्षं टिकेल, मग काढावा लागेल. वाढ पूर्ण झाल्याशिवाय कायमचा दात बसवता येत नाही, तोवर तात्पुरता लावू.

"म्हणजे एवढं सगळं करून शेवटी जाणारच?" आईचा आवाज चढला. "मग तारा कशाला? इतक्या खेपा कशाला?"

"तोपर्यंत जबड्याचं हाड शाबूत राहील, म्हणून," डॉक्टर म्हणाले.

ते ऐकून तिचं समाधान झालं नाही. कुणावर तरी टेबल उपडं करावं असं तिला वाटत होतं, आणि त्या छोट्या खोलीत तशा लायकीचं कुणीच नव्हतं. तिने खुर्चीतल्या लेकीकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

भिंगरीने विचार केला. "तो तात्पुरता दात काढता-घालता येतो का?"

"येतो," डॉक्टर म्हणाले.

"मग वर्गात मुलांना घाबरवता येईल."

आईला हसू आलं नाही. ती अजून चिडलेलीच होती, आणि बरेच दिवस चिडलेलीच राहणार होती. पण जिना उतरल्यावर भिंगरी सवयीने फुटपाथवरून पळत सुटली, तेव्हा ओठांवर आलेलं ओरडणं तिने गिळलं आणि पिशवी सावरत तिच्या मागे भराभर चालू लागली.