'आधी'चा फोटो

"अगं, ती हसतेय! मी काय करू?"

"रडवा. सगळ्या गावाला रडवता, मग घरच्या पोरीनं काय घोडं मारलंय?"

"हळू बोल, ऐकतेय ती."

"ऐकू दे की! आज फोटो गेला नाही, तर बसा मग तेल गेलं, तूप गेलं करत."

खिडकीजवळ स्टुलावर बसलेली मुलगी पुन्हा फिसकन हसली. भीती वाटली की तिला हसू येतं, लहानपणापासूनच. 'कणा वाकत चाललाय, छातीवर दाब येतोय, ऑपरेशन लांबवू नका,' असं डॉक्टर सांगत होते तेव्हाही ही हसली होती. बिचारे डॉक्टर स्वतःचा शर्ट तपासायला लागले.

तिचे बाबा तेलशेठांच्या संस्थेत फोटोग्राफर. तेल म्हणजे फोडणीचं नव्हे, जमिनीखालून उपसलेलं. त्या पैशातून शेठनी या सगळ्या भागासाठी संस्था काढली. वाचायचा त्यांना भारी कंटाळा. "कागद नकोत, चेहरे दाखवा," म्हणायचे. शेठ गेले, पद्धत राहिली. संध्याकाळी मंडळी बसतात, भिंतीवर एकेक चेहरा पडतो आणि मदत कुणाला ते ठरतं. मदतीपूर्वीचा फोटो तो 'आधी', मदत मिळाल्यावरचा 'नंतर'. हसऱ्या 'आधी'ला कुणीतरी हमखास म्हणतं, "बरा दिसतोय की हा!" पुढचा चेहरा.

आणि माणसं तर कॅमेरा दिसला की केस सारखे करतात, हसतात. दृष्टी जात चाललेली म्हातारीसुद्धा. मग फोटोवाला लेन्स पुसता पुसता, अगदी सहज, एक प्रश्न विचारायचा. चेहरा उतरायचा. खट्! "याचा हात लागला की अर्धं काम झालं," असं संस्थेत म्हणत, आणि ते ऐकायला त्याला आवडायचं. प्रश्न कोणता, ते घरी कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही सांगितलं नव्हतं.

"उजेड जाईल हो," बायको दारातून म्हणाली. आता तिच्या आवाजातलं भांडण संपलं होतं, नुसता धसका उरला होता.

"बाबा, मी गाल आतून चावून धरू?"

"नको." तो लेन्स पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला. "मान जरा डावीकडे. हं. मला सांग, तुला हे नाही मिळालं... तर घरात सगळ्यात जास्त हाल कुणाचे होतील?"

मुलीनं दाराकडे पाहिलं. आई तिथंच उभी होती. हसू आधी ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतून.

खट्!

बायको धावत आली. तिनं फोटो पाहिला. "मिळणार. नक्की मिळणार बघा," असं म्हणत तिनं कॅमेरा टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा, सगळ्यांना हेच विचारता?"

त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून खिशात टाकलं. चपला शोधू लागला. त्या समोरच होत्या.

"मग ज्यांना मिळत नाही, ते हा प्रश्न घेऊनच घरी जातात?"

"अगं, जाऊ दे ना बाबांना, उशीर होतोय," आई म्हणाली.

"मी बाबांना विचारतेय."

त्यानं खिसा एकदा चाचपला, दार उघडलं आणि तो जिना उतरू लागला.