साहेबांची फेरी

ती घरून काम करायची आणि मी जळायचे. सरळच सांगते, उगाच कशाला लपवायचं?

कंपनीच्या नियमात आठवड्याचे तीन दिवस घरून काम करायची मुभा होती. पण मुंबई नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसात नियमाला विचारतो कोण! रोज साडेदहाला साहेब केबिनमधून निघायचे, सगळ्या टेबलांमधून फिरायचे आणि रिकाम्या खुर्चीपाशी आले की थांबायचे. तोंडातून शब्द नाही. आम्ही काय समजायचं ते समजलो. टीम लीडर व्हायचं असेल तर आपली खुर्ची रिकामी दिसता कामा नये.

मला व्हायचं होतं. म्हणून लेक बालवाडीत जायला लागली तशी तिची दुपार शेजारच्या काकूंकडे. सकाळी पदर धरून रडली की म्हणायचे, "सोड गं, साहेब ओरडतील." तिला ताप असला तरी मी साडेदहाच्या आत खुर्चीत.

आणि ही बया! माझ्यानंतर लागलेली, राहायला इगतपुरीला. तीन दिवस म्हणजे तीन दिवस घरून. जेवणाच्या वेळेला मीटिंग लागली की स्क्रीनवर तिच्या मागे तिचा मुलगा मांडी घालून वरणभात खात असायचा. मध्येच "एक मिनिट हं" म्हणून ही त्याला तूप वाढून यायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणायचे, "बघच तू, हिचं काय होतं ते." खरं सांगू? तिचं वाईट व्हायची मी वाट बघत होते.

यंदा टीम लीडर तीच झाली.

मी तडक केबिनमध्ये. आवाज चढलाच. "सर, दोन वर्षांत एक दिवस घरून काम केलं नाही मी. लेकीच्या तापातसुद्धा आले!"

साहेब गोंधळले. "अहो मॅडम, पण का? तिचं काम चोख होतं म्हणून तिला दिलं. तुम्हाला रोज या असं सांगितलं कोणी?"

"तुमची ती फेरी... रिकाम्या खुर्चीपाशी थांबता ते..."

"अहो, शुगर आहे मला. नाश्त्यानंतर दहा मिनिटं चाला म्हणालेत डॉक्टर. गुडघा धरतो मध्येच. मग रिकामी खुर्ची दिसली की तिच्या पाठीला धरून जरा उभा राहतो."

हसावं की रडावं कळेना. डोकं दुखतंय सांगून बारालाच निघाले. रिक्षात बसल्या बसल्या ठरवून टाकलं, उद्यापासून तीन दिवस घरून. लेकीला समोर बसवून वरणभात, वर तूप.

काकूंचं दार उघडंच होतं. लेक मांडी घालून जेवत होती. मी म्हटलं, "चल गं पिल्लू, आज आई भरवते."

तिने हातातला घास तसाच धरून आधी काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, तू जा ऑफिसला. साहेब ओरडतील."