धाकू घाडीगावकरची प्रतिज्ञा

बोरीवलीच्या त्या सोसायटीत धाकू घाडीगावकर देवमाणूस म्हणून ओळखला जाई, मुख्यतः स्वतःकडूनच. गणपतीत माइक हातात धरून 'रे महाराजा' करत गाऱ्हाणं घालावं ते त्यानेच.

एका सकाळी चेअरमन सुबोधने गाडी मागे घेताना सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या रुक्मिणीचा पाय मोडला. धाकूने ते गॅलरीतून धडधडीत पाहिलं. केस उभी राहिली. बिल्डिंग पाडून नवी व्हायची होती, फ्लॅटवाटप सुबोधच्या हातात होतं आणि धाकूला आठवा मजला हवा होता. त्या बदल्यात, बाई मोबाइलवर बोलत स्वतःच गाडीखाली आली, एवढंच कोर्टात सांगायचं. खोटं बोलायला त्याची ना नव्हती. अडलं होतं ते शपथेवर. देवाच्या नावाने खोटं बोललं की घराण्याचं वाटोळं होतं, हे तो गावाहून शिकून आला होता. बाईच्या पायाबद्दल गावाने काही शिकवलं नसावं.

सुबोधचा वकील नितेश म्हणाला, "काका, शपथेऐवजी प्रतिज्ञा घ्या ना. त्यात देवाचं नावच नाही."

"म्हणजे देवाक कळूचा नाय?"

"त्याला नोटीसच जात नाही."

साक्षीच्या दिवशी धाकूने कपाळाचं गंध पुसलं आणि पिंजऱ्यात उभं राहून प्रतिज्ञा मागितली. कारण कोणीच विचारलं नव्हतं. ते त्याने आपणहून पुरवलं: आपण देव मानत नाही. पुढची साक्ष मग झकास झाली.

धाकू देव मानत नाही हे ऐकून मागे कुबडी घेऊन बसलेली रुक्मिणी वाकली आणि सरकारी वकील श्रुतिकाच्या कानाशी लागली. श्रुतिकाने उलटतपासणीत आधी एवढंच विचारलं, की सोसायटीच्या गणपतीत गाऱ्हाणं कोण घालतं? 'मी' म्हटलं तर आत्ताच बोललेलं खोटं ठरणार, आणि आठवा मजला जाणार.

"देवाशपथ सांगतो, मॅडम," धाकू म्हणाला, "मी नाय घालत."

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी मात्र ते वाक्य जसंच्या तसं टाइप करून घेतलं.

सुबोधला शिक्षा झाली आणि आठवा मजला दुसऱ्याच कुणाला गेला. धाकू तडक गावी गेला, देवाला नारळ-कोंबडा देऊन आला आणि प्रकरण मिटल्याचं त्याने बायकोला, विमलाला, सांगितलं. विमलाने विचारलं, आणि रुक्मिणीचं काय?

"तिचा काय?" धाकू म्हणाला. "तिची शपथ मी खंय घेतलंय?"