टॉवरवरचा हँगरचोर

ही गोष्ट मी आजवर घरीसुद्धा बोललो नाही. बेंगळुरातल्या येलहंक्याच्या त्या केसच्या पंचनाम्यात 'टॉवरच्या माथ्यावर स्वतः चढून पाहणी केली' असं माझ्या सहीनिशी लिहिलं आहे. मी चढलोच नव्हतो.

मोबाईल टॉवरच्या माथ्यावरचा लाल दिवा बंद पडला होता. त्या भागावरून विमानं जातात, त्यामुळे आमच्या पोलीस ठाण्यात फोनवर फोन. दिव्याच्या तारा चोरीला जातात, अशी कंपनीच्या सुपरवायझरची तक्रार. खबर दिली टॉवरशेजारी राहणाऱ्या अक्कांनी. "तपासणीला तो चढतो ना, तोच! माझे गच्चीवरचे तारेचे हँगरही गेलेत."

तपासणीवाल्याला बोलावलं. आमच्यासारखाच, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेला मराठी माणूस. चोर आरोप ऐकून आधी चिडतो, असा माझा अनुभव. हा हसला.

"हँगर कशाला नेऊ, साहेब? शर्ट दोन. एक अंगात, एक दोरीवर."

"मग दिवा बंद असताना रिपोर्टात 'सर्व ठीक' कसं?"

त्याने मान वर करून टॉवरकडे पाहिलं. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली, हे त्याला ठाऊक होतं. शेवटी म्हणाला, "वर चला. दाखवतो."

सुपरवायझर चढायला तयार होईना. म्हणे, "मी नेहमी खालूनच दुर्बिणीतून बघतो." मग सगळ्यांदेखत मीच ऐटीत सुरक्षेचा पट्टा बांधला. पहिल्याच टप्प्यावर एका कावळ्याने हेल्मेटवर चोच हाणली आणि मी शिडीला मिठी मारली.

"अण्णा, खाली बघू नका. स्वल्प थांबा इथेच." माझा पट्टा शिडीला अडकवून, माझाच फोन घेऊन तो वर गेला. झाडाच्या दाट फांद्यांमुळे खालच्यांना यातलं काही दिसलं नाही.

फोटोत लाल दिव्याला टेकलेलं कावळ्याचं घरटं होतं, हँगर आणि दिव्याच्याच तारांनी विणलेलं. आत पिल्लांच्या उघड्या चोची. कंपनीला कळवलं तर घरटं खाली फेकायला लावतील, म्हणून त्याने 'सर्व ठीक' लिहिलं होतं.

खाली उतरून मीच छाती फुगवून फोटो दाखवला.

"अय्यो, तो निळा हँगर माझाच!" अक्का ओरडल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. बाळंतिणीचा पाळणा मोडू नका हो."

सुपरवायझरलाही हसू आलं. "सर, फोटो काय झकास काढलात!"

तपासणीवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने पट्टा सोडायला लागला.

चोरीची तक्रार मिटली. पिल्लं उडेपर्यंत दिवा बाजूच्या दांड्यावर बसवला. खोटा रिपोर्ट लिहिला म्हणून तपासणीवाल्याला कंपनीची ताकीद मिळाली. तसाच खोटा पंचनामा लिहून मला वरिष्ठांची शाबासकी. खोटं कोण बोलला एवढंच मी नोकरीभर शोधलं. कोणासाठी बोलला, हे विचारायला त्या केसने शिकवलं. तो पिल्लांसाठी बोलला, मी माझ्या मिशीसाठी.

त्या सुपरवायझरसमोर उभं राहून एवढं सांगायचं देणं मी त्या तपासणीवाल्याला अजून लागतो: वर फक्त तोच गेला होता.