पोत्यावरची बैठक

बारामतीच्या छापखान्यात मी अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या घालत होते, तेव्हा समोरच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली. सणसरहून मामेभावाचा फोन होता. तात्या सकाळी बसल्या जागी, डोळे मिटलेले असतानाच गेले, एवढंच तो बोलला... एसटीने पोहोचले तोवर गावात दुसराच शब्द फिरत होता. तात्यांनी समाधी घेतली. अंगणात भंडाऱ्याची परडीही आली होती. रडू येण्याआधी मला भीती वाटली. माझ्या मामाचा आता बुवा होणार.

सख्खे मामा, पण सगळं गाव तात्या म्हणे, म्हणून मीही तात्याच म्हणायचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, तात्या ट्रॅक्टर चालवायचे. संताप असा की एकदा पाटाच्या पाण्यावरून एकाच्या अंगावर फावडं घेऊन धावले आणि धावता धावता स्वतःच कोसळले. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि डोकं शांत ठेवायला सांगितलं. ते कसं ठेवायचं, हे शिकायला तात्या एका शिबिराला जाऊन आले आणि रोज सकाळी देवळाच्या ओट्यावर श्वास बघत बसू लागले. मला ते पटत नव्हतं, आजही पुरतं पटलेलं नाही. अन्याय बाहेर उघड्यावर चाललेला असताना डोळे मिटून काय होणार? मी तसं म्हटलं, की ते हसायचे. "पोरी, भांडायला तरी डोकं जाग्यावर पायजे का न्हाय?"

त्यांची चूक एवढीच झाली, की बसायला त्यांनी आजोबांची घोंगडी घेतली. देवळात घोंगडीवर डोळे मिटून बसला, त्याच्या अंगात देव येतो आणि विचारलेलं सांगतो, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. त्याच सुमारास गावातल्या माणिकच्या दोन मेंढ्या पोट फुगून मेल्या. बांधावरून त्याचं भावजयीशी, हिराबाईशी वाकडं होतं. तिनेच करणी केली म्हणून तो उठला. रविवारी सकाळी ढोल वाजवत अर्धं गाव घेऊन देवळात आला, तात्यांच्या कपाळावर भंडारा फासला आणि म्हणाला, "देवा, नाव सांग." हिराबाई खांबाला धरून उभी होती. ते नाव तिचं निघालं असतं, तर त्या दिवसापासून तिला गावात राहणं अशक्य झालं असतं. मी सुट्टीची गावी आलेली होते; ओरडले, पण ढोलात कुणाला ऐकू गेलं नाही. तात्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती, मांडीवरच्या मुठी आवळलेल्या. मला वाटलं, आता उठतात आणि कुणाचं तरी डोकं फोडतात... ते उठले नाहीत. ढोलवाल्याचे हात दुखून आले, ताल ढिला पडला. मग मुठी सुटल्या, डोळे उघडले.

"माणिका, देव न्हाय आला. राग आलाय. तुझं नरडं धरावं वाटतंय. त्यो जाईस्तोवर बसतोय मी. तूबी बस."

ढोलवाल्याने विचारलं, "तात्या, मग वाजवू का थांबू?" कुणीतरी फिस्सकन हसलं. माणिकने देवापुढे ठेवायला आणलेला नारळ तसाच उचलला आणि निघून गेला. हिराबाई मात्र ओट्याच्या पायरीवर टेकली आणि बराच वेळ तिथेच राहिली. दुसऱ्या दिवसापासून तात्या घरच्या अंगणात, खताचं रिकामं पोतं चौघडी करून त्यावर बसू लागले. का, विचारलं तर म्हणाले, "पोत्यावर देव येत न्हाय."

दहाव्याला अंगणात त्याच पोत्यावर त्यांचा फोटो ठेवायचं चाललं होतं. हार आला होता, आणि भंडाऱ्याची परडी हातात घेऊन माणिकच पुढे होता. इथे मंदिर बांधू, म्हणत होता. माझ्या पिशवीत पत्रकं होती. मी तोंड उघडायच्या आत बायकांतून हिराबाई उठली. तिने पोतं उचललं, जोरात झटकलं, पुन्हा चौघडी करून जागच्या जागी टाकलं आणि त्यावर मांडी घालून बसली.

"वैनी, उठा. तात्यांची जागा हाय ती," माणिक म्हणाला.

"बसायचीच हाय," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

परडी धरून माणिक उभाच होता. घरातून कुणीतरी चहा झाल्याचं सांगितलं... हिराबाई हलली नाही.