डावाच पाय का सुजला?

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी गावातल्या डेअरीचं दूध संकलन मी अर्ध्यावर सोडलं आणि माझ्या पत्नीला, सुमनला, दुधाच्या टेम्पोत बसवून दिंद्रुडला डॉ. दिगंबररावांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरसाहेबांची आणि माझी ती पहिली भेट. दुष्काळाचं साल होतं. दवाखान्याच्या दारात ते पाण्याचा रांजण भरून ठेवत. आधी पाणी, मग तपासणी, असा त्यांचा नेम. त्या पाण्याचा गारवा अजून आठवतो.

सुमनचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला होता.

"टँकरचं पाणी वाहून सुजलाय, दुसरं काय!" ती म्हणाली.

"पाणी दोन्ही पायांनी आणता ना, ताई? मग डावाच का सुजला?"

"आता ते पायालाच इचारा, सायेब."

डॉक्टरसाहेब मोठ्यानं हसले, पण शिंप्याच्या टेपनं दोन्ही पाय मोजून त्यांनी आकडे लिहून घेतले. शिरेत रक्ताची गाठ असावी, असं सांगून सुई दिली, लगेच बीडला जायला सांगितलं आणि मला बजावलं, "पाय चोळायचा नाही. गाठ सुटून फुप्फुसात जाईल."

कपडे घ्यायला घरी थांबलो. ती कळवळत होती. मी मारुतीच्या समईतलं तेल आणलं आणि नाम घेत पाय चोळला. देवाच्या तेलानं कसला अपाय, असं वाटलं. घटकाभरातच तिला धाप लागली.

निरोप मिळताच डॉक्टरसाहेब धावून आले. टेम्पोत तिच्या उशाशी बसून बीडपर्यंत सोबत आले. वाटेत त्यांनी पायावरचं तेल रुमालानं पुसलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिची नाडी धरून बसले.

सुमन वाचली. दुसरे कुणी तिथंच थांबले असते. डॉक्टरसाहेबांनी आपला प्रश्न सोडला नाही. पुण्याला पाठवून त्यांनी पोटाचा स्कॅन करवला. मग कागदावर चित्र काढून समजावलं, "उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते. ताईंच्या पोटात ती शिरेला मणक्यावर दाबतेय. ठिबकच्या नळीवर दगड पडल्यासारखं." पुण्यातच शिरेत जाळी बसवली. पुढे दर खेपेला डॉक्टरसाहेब टेप काढत. "आता दोन्ही पाय सारखेच दुखत्यात, म्हंजे बरं हाय," सुमन म्हणायची.

गावात मात्र बोललं गेलं, "डॉक्टरच्या सुईनं धाप लागली." कितीतरी पेशंट दुसरीकडे गेले. डॉक्टरसाहेबांनी कधी खुलासा केला नाही. डेअरीचा सचिव म्हणून माझ्या शब्दाला गावात किंमत होती, आणि मी गप्प राहिलो. सुमननंही माझी लाज राखली.

डॉक्टरसाहेबांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे. त्यांचे हात-पाय असेच धड राहोत, आणि आमच्या भागाला त्यांची सावली अजून खूप वर्षं लाभो, हे मागणं मी रोज मारुतीपुढे मागतो.

त्यांच्या या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला गेला, तेव्हा ठरवलं की आधी एक काम उरकायचं. गेल्या आठवड्यात डेअरीच्या वार्षिक सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "सुमनला सुईनं काही झालं न्हाई. डॉक्टरांनी नको म्हणलं असताना मी पाय चोळला."

चुलतभाऊ म्हणाला, "मग इतकी वर्सं कावून बोलला न्हाईस?"

"भ्यालो व्हतो," मी म्हणालो, आणि खाली बसून इतिवृत्तात ते सगळं माझ्याच हातानं लिहिलं.